तीन महिन्यांची भाजी

सौदीतल्या या यान्बूच्या मातीवर माझा राग आहे. खणलं की वाळू, वाळूखाली खार, खाराखाली कुठल्या तरी आधीच्या भाडेकरूने पुरलेले फरशीचे तुकडे. विकतची माती पोत्यांनी आणून मी मागच्या अंगणात चार वाफे केले आणि तेरा वर्षं त्यांच्याशी भांडून भाजी काढली.

पहिल्या वर्षी मी घोडचूक केली. आमच्या रत्नागिरीत जूनमध्ये पडवळ, काकडी, दोडकी लावतात, म्हणून इथेही जूनमध्येच बी टोचलं. महिनाच चुकीचा असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. टाकीतलं पाणी दुपारी आंघोळीला घेववत नाही इतकं तापतं. तेच मी आळ्यात ओतत होते. चार दिवसांत कोंब करपले. वॉर्डातल्या बाकीच्या नर्स पोट धरून हसल्या. मग कळलं, इथे सगळं उलटं. ऑक्टोबरात मेथी, मुळा, कोथिंबीर. डिसेंबरात टोमॅटो, नवलकोल. फेब्रुवारीत भेंडी, गवार. मे लागला की सगळं उपटायचं आणि दारं लावून एसीखाली बसायचं. एप्रिलात एसी सुरू झाला की त्याचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून मी भेंडी-गवारीला घालत असे.

माझा एकच नियम होता. तीन-चार महिन्यांत संपेल तेवढंच लावायचं, झाड लावायचं नाही. आपली माणसं इथे ‘अजून दोन वर्षं’ म्हणत म्हणत म्हातारी होतात. ज्यांनी ज्यांनी अंगणात लिंबू नाहीतर कढीपत्ता लावला, ती सगळी इथेच रुतून बसलेली मी पाहिली आहेत. आमचं तसं होणार नव्हतं. लेक दोन वर्षांची असताना आलो तेव्हाच नवऱ्याशी बोलून ठरवलं होतं, तिची दहावी झाली की खलास, रत्नागिरी.

ती दहावीत गेली त्या वर्षी, सप्टेंबरात, भिंतीच्या कडेला हातभर शेवगा उभा दिसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हा कोणी लावला?”

नवरा वर्कशॉपमधून नुकताच आला होता. बूट काढता काढता म्हणाला, “असू दे गो. मी लावला.”

“आपण एप्रिलमध्ये जाणार. शेंगा कोण खाणार, तुमचा तो अरब मालक, कफील?”

तो हसला. मला त्याचं ते हसणं मुळीच आवडलं नाही. याचा पाय इथून निघत नाही, आणि तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून झाड लावलं, असं मी धरून चालले. सबंध थंडी त्याच्याशी कामापुरतं बोलले. मेथीला पाणी घालायची, शेवग्याला थेंब नाही. तरी रोज सकाळी त्याच्या बुडाशी ओल असायची. शेवगा माझ्या डोक्यावरून गेला. एवढा द्वेष मी कुठल्या माणसाचाही केला नसेल.

फेब्रुवारीत हॉस्पिटलचा कागद आला. करार वाढवायचा की संपवायचा, महिनाअखेर सही करून द्यायची. मी तो नवऱ्यापुढे धरला.

“तिची परीक्षा होऊ दे. मग बोलू,” तो म्हणाला.

याला जायचंच नाही, माझा संशय खरा ठरला, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. घरात कोणी नव्हतं. मटण तोडायचा सुरा घेतला आणि शेवगा बुडातून तोडला. लाकूड मऊ असतं, वेळ लागला नाही. पहिली फुलं आली होती. ती पायाखाली गेली, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुपारी लेक शाळेतून परीक्षेचं हॉल तिकीट घेऊन आली. दप्तर खांद्यावरच होतं, खिडकीतून मागे बघितलं आणि तिथेच थांबली.

“किसने काटा?”

“मी.”

“वो मेरा था.”

जेद्दाला शराफियाच्या बाजारात घेतलेल्या शेंगांतली एक फ्रिजमागे पडून वाळली होती. तिच्यातलं बी तिने लावलं होतं. बापाने खड्डा खणून दिला होता. पाणीही रोज शाळेत जाण्याआधी तीच घालत होती. हे तिने तिच्या इथल्या शाळेच्या हिंदीत, एका दमात, माझ्याकडे न बघता सांगितलं.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला धरलं. “मला का नाही सांगितलंत?”

“तिला जायचं नाही, हे तुला कळलं असतं तर तू तिला बोलली असतीस. मला बोललीस, ते बरं.”

मी तरीही लेकीच्या खोलीत गेले. रत्नागिरीचं कॉलेज, मावश्या, समुद्र, सगळं पुन्हा सांगू लागले. तिने ऐकून घेतलं.

“आपको घर जाना है तो जाओ, मम्मा. मैं तो घर पे ही हूँ.”

तिला थोबाडीत द्यावी असं वाटलं. तेरा वर्षं मी हिच्यासाठी दिवस मोजले, आणि ही त्या मोजदादीत कधी नव्हतीच.

महिनाअखेरीस मी करार वाढवायच्या ओळीखाली सही केली. रागानेच केली. कागद जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर ठेवला. तिने वाचला, घडी घातली आणि परत दिला. पण शेवगा तोडल्यापासून माझ्या वाफ्यातली भाजी ती पानात घेत नाही.