डावा कान

मामा रोज सकाळी दाढी करताना एक गल्ली म्हणायचा, पाढे म्हणावेत तशी. गालांना साबणाचा फेस, हातात ब्रश, नजर आरशात पण आरशापलीकडे कुठेतरी. "पहिलं घर, सायकल दुरुस्तीवाला, थोरली नर्स झाली, पायात सळई. दुसरं घर, दोघी बहिणी, बोलत नाहीत, मधे भिंत घातलीय. तिसरं घर..." गल्ली संपली की दाढी संपायची. लांबलचक गल्ली असली की मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, खानेसुमारी झाली असेल तर नळ बंद करा!"

रोज एक गल्ली. सगळा मतदारसंघ एकदा म्हणून व्हायला पाच महिने लागायचे. मग पुन्हा पहिल्या घरापासून.

तो मूळचा मीटर रीडर. जिन्याखाली, दारामागे, कपाटाच्या फटीत टॉर्च मारून आकडे टिपायचे, हे त्याचं काम. मामा म्हणायचा, माणसं मीटर दाखवायला म्हणून दार उघडतात आणि सगळं घर दाखवून बसतात. कुणाची खाट हलली, कुणाचं औषध वाढलं, कुणाच्या दोरीवर आता एकाच माणसाचे कपडे वाळतात. आकडे तो वहीत लिहायचा. बाकीचं न लिहिता राहायचं.

त्याच कार्यालयात एक तरुण इंजिनियर होता. दोघं एकाच डब्यातून जेवायचे. एका दुपारी उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर फुटला. मामाने इंजिनियरला काखेत हात घालून ओढत बाहेर काढलं. कपडे जळाले, जीव वाचला, पण इंजिनियरचा उजवा कान कायमचा गेला. ही गोष्ट डॉक्टर, इंजिनियरची बायको आणि मामा, एवढ्या तिघांनाच ठाऊक होती. कळलं असतं तर नोकरीत त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं असतं.

चौकशीत इंजिनियर खरं बोलला. ट्रान्सफॉर्मर बदलायला झालाय हे वरच्यांना माहीत होतं, असं त्याने लिहून दिलं. मग बदली, मग राजीनामा, मग वर्तमानपत्रात फोटो, आणि पुढच्या निवडणुकीत तो अपक्ष उभा राहिला. नऊशे मतांनी पडला. निकालाच्या संध्याकाळी मामाकडे येऊन भिंतीला टेकून बसला.

"लोकांना माझं पटतं रे. पण मी त्यांना ओळखत नाही."

"मी ओळखतो," मामा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानेही राजीनामा दिला. मामीने चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी विचारलं, "त्यांनी तुम्हाला नेमलंय तरी काय म्हणून?" त्या कामाला नावच नव्हतं.

काम असं होतं. इंजिनियर चालायचा, मामा अर्धं पाऊल मागे, डाव्या बाजूला. समोरून माणूस आला की इंजिनियर मान किंचित डावीकडे झुकवायचा. बघणाऱ्याला ती नम्रता वाटायची. मामा दोन श्वासांत सांगून मोकळा व्हायचा, "सुतार. धाकटी बारावीला. पाठ." आणि इंजिनियर दोन्ही हात पुढे करायचा, "काय मिस्त्री, पाठ काय म्हणतेय? आणि धाकटीचा अभ्यास?" सुताराचे डोळे भरून यायचे.

एका पक्षाने तिकीट दिलं. पुढची निवडणूक इंजिनियर जिंकला, त्यापुढची अकरा हजारांनी. सगळे त्याला साहेब म्हणू लागले. मामा चारचौघांत साहेब म्हणायचा, एकट्यात इंजिनियर. कार्यकर्त्यांनी मामाचं नाव ठेवलं कानमंत्री. मामी म्हणायची, "लोकांच्या सवती नटूनथटून येतात. माझी सवत म्हणजे एका माणसाचा कान."

मत्सर कधी सुरू झाला ते मामालाही नेमकं सांगता यायचं नाही. एकदा एका म्हातारीने आमदारांचा हात कपाळाला लावला, कारण त्यांनी तिच्या नातवाच्या अपघाताची चौकशी केली होती. मग तिने मामाला कोपराने ढोसलं. "सरका हो जरा, साहेबांना डोळे भरून बघू दे." मामा सरकला. त्या नातवाच्या उशाशी दोन रात्री मामा बसला होता. ते सांगायची जागा ती नव्हती, आणि दुसरी जागाही कधी आली नाही.

चौथ्यांदा निवडणूक लागली तेव्हा वर्तमानपत्रात इंजिनियरची मुलाखत आली. आपल्या स्मरणशक्तीचं रहस्य काय? "रहस्य कसलं? माणसावर जीव असला की माणूस लक्षात राहतो."

मामाने ती दोनदा वाचली, घडी घातली, घडीवर घडी घातली. मामी म्हणाली, "वा! जीव त्यांचा, पाठांतर तुमचं."

दुसऱ्या सकाळी ते एका शिंप्याच्या दारात गेले. शिंप्याची बायको तीन आठवड्यांपूर्वी वारली होती. मामाला ते ठाऊक होतं. साहेबांच्या सहीचं सांत्वनाचं पत्र त्यानेच लिहिलं होतं. शिंपी उंबऱ्यापाशी आला. इंजिनियरने मान डावीकडे झुकवली. आणि मामा एवढंच म्हणाला, "शिंपी."

एक श्वास गेला. दुसरा गेला.

"काय मास्तर," इंजिनियर हसून म्हणाला, "वहिनी दिसत नाहीत! आज चहा नाही वाटतं आम्हाला?"

शिलाई मशीन चालवणारा कारागीर थांबला. शिंप्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. "ती गेली, साहेब. तुमचं पत्र लावलंय ना चौकटीत."

ते गाडीत बसले. मग इंजिनियर म्हणाला, "जाऊ दे. इतक्या वर्षांत एकदा चुकलास." हे सगळं मामाने मला फार उशिरा सांगितलं, आणि या जागी आल्यावर तो थांबला होता. "शिवी दिली असती ना त्याने, तर मी तिथेच कबूल केलं असतं."

इंजिनियर तीनशे चाळीस मतांनी पडला. शिंप्याच्या गल्लीत चारशे बारा मतं होती. मामाला पाठ होती.

दीड वर्षाने बातमी आली. विजेचे दर ठरवणाऱ्या नियामक आयोगाच्या अध्यक्षपदी माजी आमदार, मूळचे वीज अभियंता. पक्षाचा राजीनामा, पाच वर्षांची मुदत, मोठ्या शहरात कार्यालय. मामा पेपर घेऊन घरभर फिरला. "पडला नसता तर अध्यक्ष झाला असता का? म्हणजे बघ, मीच केला!" मी हसले. त्यात हसण्यासारखं नव्हतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

दोन शर्ट इस्त्री करून तो भेटायला गेला. वीज खात्यातलं त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? मीटर तर त्याला पावलागणिक पाठ. इंजिनियरने त्याला जवळ बसवलं, आणि समजावून सांगितलं की तिथे माणसं परीक्षा देऊन येतात. शिवाय तिथे अध्यक्षाने कुणाला ओळखता कामा नये. ओळख निघाली की निकालावर शंका येते.

"म्हणजे नावं नकोत," मामा म्हणाला.

"नावं नकोतच. ग्राहक क्रमांक पुरे."

मामा घरी आला. मामीने विचारलं, "काय म्हणाले?"

"चहा दिला."

मग तो फोटो आला. आयोगाच्या दालनात अध्यक्ष बसलेत, मान डावीकडे झुकलेली, आणि डाव्या खुर्चीतून एक तरुण कायदा अधिकारी त्यांच्या कानाशी काही सांगतेय. बिनकाडीचा चष्मा म्हणावा इतक्या बारीक काड्यांचा चष्मा, हातात फाईल. मामाने जुन्या कामातलं भिंग काढलं. पुसट आकडे वाचायचं भिंग. त्यातून तो तिला बघत बसला.

"डावीकडे बसवलीय," तो म्हणाला.

"मग काय, मांडीवर बसवायला हवी होती?" मामी म्हणाली. मामा हसला नाही. उजव्या कानाची गोष्ट मामीलाही माहीत नव्हती. वीस वर्षं सांभाळलेली ती एकच वस्तू त्याच्या मालकीची होती, आणि इंजिनियरने ती उचलून या मुलीला दिली होती, असं त्याला वाटलं.

आयोगातल्या एका शिपायाला फोन करकरून त्याने तिची माहिती काढली. वय एकतीस, कायद्यात सुवर्णपदक, चहा घेत नाही. "सुवर्णपदक! गळ्यात घालून बसते की काय?" जेवताना तिचा विषय, झोपताना तिचा विषय. "कलमं सांगत असेल कानात. कलमांना काय गुडघे दुखतात?" मामी कंटाळून म्हणायची, "आता तिचं लग्न लावून द्या, म्हणजे सुटाल."

दोन वर्षांनी दरवाढीची जनसुनावणी आमच्या गावातल्या सभागृहात ठेवली. कुणाही ग्राहकाने अर्ज भरून म्हणणं मांडावं. मामाने अर्ज भरला नाही, पण मला म्हणाला, "चल. नुसतं बघून येऊ." आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पत्र्याच्या खुर्च्या, हिरवं कापड घातलेलं टेबल, खरखरणारा माइक. मध्ये अध्यक्ष. त्यांच्या डावीकडे दुसरे एक सदस्य, निवृत्त लेखापाल, डोळे अर्धे मिटलेले. उजवीकडे कायदा अधिकारी.

मामाने माझं मनगट धरलं.

"उजवीकडे बसलीय."

"मग?"

तेव्हा त्याने मला कानाची गोष्ट सांगितली, तिथेच, कुजबुजत, माइकच्या खरखरीत. "त्याने तिला सांगितलेलं नाही. तिकडच्या दालनात खुर्चीच तशी असेल. बघ, बघ, ती बोलतेय आणि त्याला काही पोचत नाहीये. मान दोनदा हलवतो ना तो, तेव्हा समजायचं, ऐकू आलेलं नाही." त्याचा चेहरा उजळला होता. अकरा हजारांच्या विजयाच्या दिवशीही तो इतका खूश नव्हता, असं मामीनेही पैजेवर सांगितलं असतं.

तेविसाव्या क्रमांकाला शिंपी उभा राहिला. मी त्याला ओळखत नव्हते. मामाची पकड मनगटावर घट्ट झाली एवढंच कळलं. शिंपी म्हणाला, मीटर बिघडलाय, अंदाजाने बिल येतं, चार अर्ज केले, चारही परत आले. कायदा अधिकाऱ्याने फाईल चाळली, वाकून अध्यक्षांच्या उजव्या कानाशी काही सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली. दोनदा.

"कनेक्शन आपल्या पत्नीच्या नावावर दिसतंय," ते म्हणाले. "त्या स्वतः का आल्या नाहीत?"

शिंप्याने हातातले कागद मिटले.

"साहेब, हे तुम्ही मला दुसऱ्यांदा विचारताय."

कायदा अधिकारी गोंधळून अध्यक्षांकडे पाहू लागली. तिने आत्ताच तर सांगितलं होतं. आणि अध्यक्षांची मान सवयीने डावीकडे वळली. तिथे लेखापाल पाणी पीत होते. तिसऱ्या रांगेत मामाचे ओठ हलले, "शिंपी. बायको गेली. चौथं वर्ष." एवढ्या लांबून ते कुणालाच ऐकू जाणार नव्हतं.

जेवणाची सुट्टी झाली. सभागृह रिकामं झालं तरी मामा बसून होता. तिथेच त्याने मला शिंप्याच्या दारातल्या त्या सकाळची गोष्ट सांगितली, दोन श्वासांची.

"आज मजा वाटायला हवी होती," तो म्हणाला. "वाटली पण. थोडी."

मग तो उठला. कायदा अधिकारी पाण्याच्या टाकीपाशी बाटली भरत होती. मामा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा तिनेच विचारलं, "काही हवंय का, काका?"

"मॅडम, दुपारी खुर्ची डावीकडे घ्या."

"का?"

"त्यांना उजव्या बाजूने ऐकू येत नाही. कुणाला सांगू नका. आणि जे सांगायचं ते दोन श्वासांत सांगा. तिसऱ्याला त्यांचं लक्ष उडतं."

तिने बाटली खाली ठेवली. "आपण कोण?"

"मीटर रीडर," मामा म्हणाला.

तिने फाईलच्या कोपऱ्यात काहीतरी टिपून घेतलं. परत येताना मामा धुसफुसत होता. "लिहून घेतलं तिने! दोन वाक्यं! मला कधी लिहावं लागलं नाही."

दुपारी लेखापाल उजवीकडे गेले होते, ती डावीकडे. अध्यक्ष आले, खुर्च्यांची अदलाबदल पाहिली, आणि उभ्याउभ्याच त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली, एकेका रांगेवरून, सावकाश. मामा वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागला. तो पट्टा नीटच होता. मग अध्यक्ष बसले, तेविसाव्या क्रमांकाला पुन्हा बोलावलं, त्याची माफी मागितली, ती नोंदीत घ्यायला सांगितली आणि मीटर आठवड्यात बदलायचा आदेश दिला. मध्ये दोनदा त्यांनी मान डावीकडे झुकवली. मान हलली, एकदाच.

"हळू बोलतेय," मामा माझ्या कानाशी म्हणाला. "चांगलं सांगतेय, मेली."

बाहेर बाकावर शिंपी कागद आवरत बसला होता. मामा त्याच्यापुढे उभा राहून बराच वेळ बोलला. मी लांब होते. शिंप्याचं एकच वाक्य ऐकू आलं, "आणि हे आत्ता सांगताय?" मग तो बाकावर थोडा सरकला. मामा बसला.

त्यानंतरही मामाच्या गल्ल्या चालूच राहिल्या, कुणी न मागता. फक्त गल्ली संपली की शेवटी तो एक घर जास्तीचं म्हणायचा, तोंड वाकडं करून, गालाच्या अवघड जागी पातं फिरवताना. "डावीकडची खुर्ची. कायदा अधिकारी. चहा घेत नाही." मामी आतून म्हणायची, "झालं, सवतीची सवत आली!"

त्या हिवाळ्यात एका सकाळी तो दाढी करत होता. अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता. मामी दाराशी येऊन म्हणाली, किती वेळ, पाणी निवलं असेल. तो आरशातूनच तिच्याकडे बघून म्हणाला, "मग थोडं गरम आण की. गल्ली अर्धीच झालीय."