पोलादाचा आवाज

माझी बायको मीरा हिचा कागदी लक्ष्यावर फार जीव. गोळ्या झाडून झाल्या की कागद उन्हाकडे धरून ती गोळ्यांची भोकं बघत बसायची. कागद खूण जपतो, पोलाद नुसतं वाजून गप्प होतं. यंदा नेमबाजीच्या स्पर्धेत कागदाऐवजी पोलादी पट्ट्या टांगल्या होत्या. गोळी लागली की टण् आवाज यायचा, पण मीराला ऐकू कमी येतं. पहिली गोळी झाडून तिने रायफल खाली ठेवली आणि मागे माझ्याकडे पाहिलं.

"लागली!" ती हसली.

"तुला कसं कळलं?"

"तुमच्या चेहऱ्यावर वाजली की!"

पुढची गोळी चुकली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी तरीही हसलो.

"अहो," ती रागावून म्हणाली, "असं खोटं नका वाजू."