कोरसची जागा

सुजाता आणि मिलिंद, आजोबा गेल्याचा फोन तुमच्याकडे परदेशात मीच केला होता. नगरच्या दवाखान्यासमोरच्या बूथमध्ये उभी होते. तुमच्या बाबांशी बोलून झालं आणि त्यांनी रिसीव्हर सुजाताकडे दिला. तिने विचारलं, "आजी, कॅसेटमध्ये आजोबा इतकं भरभर का गातात?" मी फार थकले होते. "ताल तसाच आहे बाळ," एवढंच म्हटलं. ते खरं नव्हतं, पण तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हतं... आता महिना उलटून गेला. भेटायला येणारी माणसं थांबली, औषधांच्या बाटल्या खोक्यात भरून झाल्या, आणि मी उत्तर लिहायला बसले आहे. हे पेपरात छापून आलं की कात्रण पाठवीन. बाबा वाचून दाखवतील.

तुम्हाला आजोबा माहीत आहेत ते फोटोतले, खुर्चीत बसलेले. त्यांची नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली, पण राहुरीच्या आसपासच्या गावांत त्यांना ओळखत ते गायन पार्टीमुळे. जयंतीच्या दिवसांत ते आठ-आठ दिवस घरी नसत. ढोलकीवर किसन, पेटीवर आणि गायला हे, आणि मागे कोरसला तिघे. त्यांतला एक देवळाली प्रवऱ्याचा नामदेव. गाणी सगळी दुसऱ्यांची. "तुम्ही स्वतःचं एखादं का करत नाही?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लिहिनाऱ्यानं लिहावं, गानाऱ्यानं गावं." मग पार्टी हळूहळू विरत गेली. किसन वारला, दोघे मुलांकडे पुण्याला गेले, नामदेवचे दात पडले. शेवटी यांचाच दम कमी झाला. दहा शब्द बोलले की थांबावं लागे. पेटी कपाटावर गेली.

गेल्याच्या गेल्या वर्षी तुमचे बाबा आले तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर इथे ठेवून गेले, आणि त्यासोबत एका प्रोग्रॅमच्या फ्लॉपी. पडद्यावर चौकोनांच्या रांगा दिसत. प्रत्येक चौकोन म्हणजे तालाचं एक आवर्तन. त्यात कॉर्डचं, म्हणजे सुरांच्या मेळाचं, नाव टाकायचं, ताल निवडायचा, की ड्रम, गिटार, सगळी साथ मशीन आपोआप वाजवणार. "आता पार्टी गोळा करायला नको, बाबा," असं सांगून ते विमानात बसले. कॉम्प्युटरला मी जुन्या चादरीचं कव्हर शिवलं आणि कित्येक महिने तो त्याखालीच राहिला. मग एका सकाळी आजोबा चहा पिताना म्हणाले, "पेटी खाली काढ. पोरांसाठी एक गानं करायचंय. माझं सोताचं."

त्या प्रोग्रॅमचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून काम माझ्याकडे आलं; शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं होतंच. ते पेटीवर सूर शोधत, मी पुस्तकात त्याचं इंग्रजी नाव शोधून चौकोनात टाकत असे. तालांच्या यादीत ढोलकी कुठेच नव्हती. एक ताल ऐकून म्हणाले, "ह्याच्यावर नवरदेवाचं घोडं नाचंल." पुढचा ऐकून म्हणाले, "आन ह्याच्यावर नवरी पळून जाईल." शेवटी केहरव्याच्या जवळ जाणारा एक सापडला. "चालंल. किसनच्या डाव्या हाताची सर न्हाई, पन हा चहा तरी मागत न्हाई." हळूहळू एका बोटाने चौकोन भरायला तेही शिकले. मोजण्यात मात्र चुकत. चारऐवजी पाच आवर्तनं टाकत, आणि मी मागून ती नीट करत असे. गाणं आठ ओळींचं झालं. सुरुवात अशी:

पाटाचं पाणी निघालं दूर,
सांगा रं त्याला आपलं घर.

शेजारच्या मास्तरांची मुलगी तुमच्याच गावी निघाली होती, कॅसेट तिच्याबरोबर द्यायची होती. रेकॉर्डिंगला एकच दिवस उरला. त्या सकाळी आजोबा आंघोळीला गेले असताना मी गाणं उघडून पाहिलं, तर प्रत्येक ओळीनंतर चार चौकोन रिकामे. पुन्हा चुकले, असं मला वाटलं. मी एकेक करून ते सगळे काढून टाकले. गाणं कसं सलग झालं. मला बरं वाटलं...

दुपारी पंखा बंद केला, स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं. पहिली ओळ म्हणून आजोबांनी मान डावीकडे वळवली, आणि तेवढ्यात साथ पुढे निघून गेली. ते अडखळले. मी टेप थांबवला.

"मधले चौकोन कुठं गेले?"

"रिकामेच होते. मी काढले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यात त्यांना उठवणं, बसवणं, वाफारा देणं यात माझा पार पिट्टा पडला होता, तेच त्यांना दिसलं असावं. "बरं केलंस," म्हणाले. "लाव परत." आठही ओळी त्यांनी मशीनच्या मागे धावत एका दमात म्हटल्या. मग संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून होते.

मी प्रत्येक गोष्टीची एक प्रत ठेवते, तशी त्या कॅसेटचीही ठेवली होती. मागच्या आठवड्यात नामदेव भेटायला आला. "वहिनी, दादांचं सोताचं गानं लावा की." मी लावलं. तो खाली मांडी घालून बसला. पहिली ओळ संपली तसं त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. दुसरीला तेच. तिसरीनंतर म्हणाला, "थांबवा. आन आमी कुठं म्हनायचं?"

"आम्ही म्हणजे कोण?"

"कोरस, वहिनी! दादा ओळ टाकून डावीकडं आमच्याकडं बघायचे, आमी उचलायचो, तवर त्यांचा दम भरायचा. जागा न सोडता गाताना मी दादांना कधी ऐकलंच न्हाई."

मी उठून पेटी उघडली. आत गाण्याचा कागद होता. प्रत्येक ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: पोरं. नामदेवने कागद दूर धरून वाचला. "ही जागा आमची बी न्हाई," तो म्हणाला. "नातवंडांची हाय."

सुजाता, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आजोबा भरभर गात नव्हते. तुमची जागा मी पुसली होती.

चौकोन मी परत घातले आहेत, फ्लॉपी पाठवते आहे. पण त्यांचा आवाज कॅसेटवर जसा आहे तसाच राहणार. म्हणून रोज दुपारी मी पुढच्या खोलीत टेप लावते. त्यांची ओळ संपली की थांबवायचं बटण दाबते, बोटांवर चार आवर्तनं मोजते आणि तेवढ्यात ती ओळ म्हणते. माझा सूर लागत नाही; "लई वर जाताय," असं नामदेव म्हणालाच. तुमच्याही टेपला ते बटण असेल. दोघांनी मिळून दाबा, म्हणा आणि मग सोडा. सोडलं की आधी त्यांचा श्वास ऐकू येतो... मग पुढची ओळ.