ताईचा रंग, स्टुडिओचा फ्लॅश आणि इंझोरीची तूर

मुलगी बघायला आलेल्या रिसोडच्या मंडळींनी दोनदा पोहे मागून घेतले, चहा प्यायले आणि मग विचारलं, "फोटोतली पोरगी कुठी आहे?" पल्लवीताई, म्हणजे माझी मावसबहीण, त्यांच्या समोरच बसली होती. हे तिनंच मला फोनवर सांगितलं. "तुह्याजवळ तो भारी कॅमेरा पडून राह्यला ना? ये अन् माहा एक फोटो काढून दे. माह्यासारखा दिसला पाहिजे, बस." त्याच वीकेंडला निघालो.

पुण्याहून ट्रॅव्हल्सनं वाशिम, पुढे एसटीनं मंगरूळपीर. रस्ता अर्धा मस्त, अर्धा अजून बनतोय, त्यामुळे कॅमेऱ्याची बॅग वर रॅकवर ठेवू नका, मांडीवर घ्या. स्टँडबाहेर गरम आलुबोंडा आणि तिखट चटणी खा. अख्ख्या ट्रिपमध्ये माझी तक्रार नाही अशी ही एकच गोष्ट.

ताईचा बायोडेटावाला फोटो जिथे काढला, तो स्टुडिओ जवळच होता. म्हटलं गुन्ह्याची जागा बघूनच जाऊ. अंधारी खोली, मागे धबधब्याचा पडदा, आणि कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश, फुल पॉवरवर, थेट तोंडावर. भिंतीवर लावलेले सगळे चेहरे पांढरेफटक, जणू पिठाच्या डब्यात डोकं घालून आलेत. नाक चपटं, सावली गायब, मागचा धबधबासुद्धा काळोखात.

"भाऊ, सावळी पोरगी आली तरी गोरी होऊन जाते आपल्या इथं," मालक अभिमानानं म्हणाले. "लोकायले तेच पाहिजे."

"आणि लोक घरी येऊन बघतात तेव्हा?"

"ते थोडी आपल्या हातात आहे."

जीप पकडून मावशीचं गाव, इंझोरी, गाठलं.

पहिला फोटो मी ओसरीत काढला. फ्लॅश थेट चेहऱ्यावर मारायचा नाही, भिंतीवर मारायचा, म्हणजे उजेड पसरून मऊ पडतो. यूट्यूबवरचे सगळे ज्ञानी हेच सांगतात. त्यांच्या भिंती पांढऱ्या असतात. मावशीचं घर मात्र गावातल्या बुद्धविहारासारखंच गडद निळं रंगवलेलं आहे. भिंतीवरून परत आलेला उजेडही निळाच.

मावशीनं स्क्रीनमध्ये डोकावलं. "पांढरी झाली होती ते कमी होतं काय रे? आता निळी करून राह्यला माह्या पोरीले."

ताई हसून हसून खाली बसली.

मग शेतात गेलो. सोयाबीन निघालेलं, तूर पिवळ्या फुलांवर आलेली, सूर्य टेकायला आलेला. इथे खरी गंमत कळते. फ्लॅश बंद ठेवून आभाळ नीट आणलं तर ताई काळी सावली होते. ताई नीट आणली तर आभाळ पांढरं होऊन जातं. म्हणून आधी आभाळ आणि तुरीसाठी कॅमेरा सेट केला, थोडा अंडरच, म्हणजे उजेड जरा कमी, ठेवला. मग मावशीला बाजूला पांढरी चादर धरून उभं केलं आणि त्या चादरीवर अगदी हलका फ्लॅश मारला. चेहऱ्याला लागेल तेवढाच. फ्लॅश मारलाय हे फोटोत कळलं, तर तो जास्त झालाय असं समजा. स्टुडिओवाल्यांना हे सांगायची सोय नाही.

सूर्य जाता जाता एक फोटो जमला. मागे नारंगी आभाळ, पिवळी तूर, आणि पुढे ताई. तिच्याच रंगाची, डाव्या गालावरच्या तिळासकट.

मावशीनं चादर खाली ठेवून स्क्रीनमध्ये बघितलं. "सावळी दिसून राह्यली. थोडी उजळ कर ना बापू."

"आई, मी घरात फिरते तवा कोन फ्लॅश मारते माह्यावर?" ताई म्हणाली. "हाच जाईल बायोडेट्यावर."

मावशी चादर झटकून, घडी घालून घराकडे निघाली.

पुण्यात परत आल्यावर बॅगेतून काळी माती निघतच राहिली. फोटोग्राफीच्या ग्रुपवर तो फोटो टाकला, तर एका महान माणसानं लिहिलं, स्किन ब्राइटन कर, भारी होईल. ग्रुप सोडला. गोरं करून देणाऱ्या स्टुडिओसाठी मंगरूळपीरलाच जायची गरज नाही, एवढं कळलं.

परवा ताईचा मेसेज आला. "पाच जागी फोटो धाडला. एक जण रविवारी येऊन राह्यला. बाकीच्याइनं जवाबच नाई देल्ला. बरं झालं, पोहे वाचले."