कानसेन आणि बोळकांडीतला दिवा

कचेरीत त्याला सगळे कानसेन म्हणत. विजेच्या वस्तूंमुळे रेडिओत शिरणारी खरखर हुडकायची आणि नियमात न बसणारी वस्तू काढायला लावायची, हे त्याचं काम. आधी तक्रार करणाऱ्याच्याच घराची वीज बंद करून बघायची, मगच शेजाऱ्याचं दार वाजवायचं, ही तिथली रीत.

एकतीस वर्षांत ती त्याने एकदाच मोडली. तक्रार होती एका निवृत्त जहाजी वायरलेसवाल्या आजोबांची. दूरदेशी राहणाऱ्या थोरल्या भावाशी ते रोज सकाळी नऊला घरच्या वायरलेस यंत्रावरून बोलत. भाऊ नव्वदीचा. त्याला फोनवरचं बोलणं कळत नसे, मोर्सची टिकटिक मात्र अजून कळे. तीन आठवडे ती टिकटिक खरखरीत बुडाली होती.

"शेजारच्या शिंपीणबाईंची मशीन, दुसरं काय!" आजोबा म्हणाले. एवढ्या जाणत्या माणसाला 'तुमचंच घर तपासतो' कसं म्हणायचं? कानसेन मुकाट शेजारी गेला.

"हा घ्या, काढला प्लग," शिंपीणबाई म्हणाल्या. "थांबलं तुमचं भूत?"

कानसेनाच्या हातातल्या तपासणीच्या यंत्रातली खरखर तशीच होती.

"तीन आठवडे बोलत नाहीत माझ्याशी! अन् पँटी कोण आखूड करतं त्यांच्या?"

कानसेनाने त्यांची माफी मागितली, परत येऊन आजोबांच्या घरचा मेन स्विच पाडला. खरखर गप्प. मग एकेक बटण लावत तो बोळकांडीतल्या दिव्यापाशी पोहोचला. स्वस्तातला, मंजुरीचा शिक्का नसलेला दिवा. आजोबांच्या बायकोला, आजींना, अंधुक दिसे, म्हणून तो दिवसाही चालू असे.

"काढा तो," आजी म्हणाल्या. "भाऊजी वाट बघत असतील. मी जाईन भिंत धरून."

"आणि पडलीस म्हणजे? मग मी बोलू कुणाशी?" आजोबा एकदम ओरडले आणि स्वतःच ओशाळले.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच कानसेन आपल्या घरातला शिक्क्याचा दिवा घेऊन आला, स्टुलावर चढून त्याने तो लावला. उजेड पडला, यंत्र शांत राहिलं. नऊ वाजले. बारीक, थरथरती टिकटिक आली. आजोबांची पेन्सिल भराभर चालू लागली, मग थांबली.

"काय म्हणतायत?" आजींनी विचारलं.

"शिव्या देतोय," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "पोटभर देतोय गं."