दुसऱ्या रेकॉर्डवरची बाई

इंग्रजी गाण्यांचं मला वेड होतं, हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. वरणगावच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, दर जयंतीला स्टेजवर गाणारी मी. अशा मुलीने कुठल्या तरी परक्या मुलखातल्या सिनेमातल्या बाईच्या आवाजावर जीव टाकावा, हे माझं मलाच विचित्र वाटायचं. वर माझं इंग्रजी असं, की मॅट्रिकला त्या विषयात काठावर सुटले होते.

त्या गाण्यांचं खापर फोडायचं तर एका साहेबांच्या बायकोवर. वडील फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होते. त्यांच्या वरच्या साहेबांची बदली झाली तेव्हा बाईंनी मला बोलावून घेतलं आणि एक जुना रेकॉर्ड प्लेअर व दोन रेकॉर्डी माझ्या हातात ठेवल्या. दोन्ही एकाच गायिकेच्या. हॉलिवूडच्या जुन्या काळातली नटी, स्वतःच गायची. बाई म्हणाल्या, "तू गातेस, तुला कळेल." मला काय कळणार होतं? पण 'तू गातेस' एवढं ऐकून मी हवेत होते.

पहिल्या रेकॉर्डवर ती सोळा-सतरा वर्षांची असावी. गालाला खळी, डोक्याला रिबीन. आवाज मात्र असा की मी पहिल्यांदा ऐकला आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. स्वच्छ, भरलेला, वर जाताना कुठे जोर म्हणून नाही. ओळ लांबच लांब, मध्ये श्वास घेतल्याचं ऐकूसुद्धा येत नसे. शब्द कळत नव्हते, म्हणून मी नुसते आवाज पाठ केले आणि भांडी घासताना तिच्यासारखी म्हणू लागले. आई म्हणायची, "काय ते मांजरीसारखं चाललंय!" पण हसून म्हणायची, कारण त्याच गळ्यातून मी तिचा पाळणाही म्हणायची. आमच्या घरात तिने स्वतः रचलेला एक पाळणा होता. घरात मूल जन्मलं की त्यात त्याच्या आजोबा-पणज्यांची नावं गुंफायची आणि म्हणायचा. तो लिहिलेला कुठेच नव्हता.

दुसरी रेकॉर्ड मी बऱ्याच दिवसांनी लावली. कव्हरवर एक थकलेली, काळ्या झग्यातली बाई होती. थिएटरात लोकांसमोर गायलेली गाणी होती, मधूनमधून टाळ्या. त्यात पहिल्या रेकॉर्डवरचं माझं सर्वांत लाडकं गाणं पुन्हा होतं. सुई टेकवली आणि मला वाटलं, प्लेअर बिघडला. आवाज जाड झालेला, काठाला फाटलेला. पट्टी कितीतरी खाली घेतलेली. जिथे ती पूर्वी एका दमात जायची तिथे ओळ मध्येच तोडून श्वास घेत होती, आणि तो श्वास चांगला ऐकू येत होता. मला तिची लाज वाटली. खरंच, जणू माझ्याच घरातलं कुणी चारचौघांत पदर सुटलेला न कळता उभं आहे. भावाला मी म्हणाले, "हिला कुणी सांगत का नाही, बाई, आता पुरे म्हणून?" तो म्हणाला, "लोक टाळ्या वाजवताहेत की." मी म्हणाले, "दयेने वाजवताहेत." रेकॉर्ड ट्रंकेच्या तळाशी गेली.

पुढे मला जळगावला शाळेत नोकरी लागली. आईवडील एकामागोमाग गेले. भाऊही जळगावलाच नोकरीला, आम्ही दोघं एकत्र राहू लागलो. मी लग्न केलं नाही, ते का, हा इथला विषय नाही. भावाने पहिल्या पगारावर टेपरेकॉर्डर आणला आणि हौसेने माझा आवाज एका कॅसेटवर भरून ठेवला. त्यात आईचा पाळणा होता. रेकॉर्डिंग चालू असताना कुकर चढवलेला होता, पाळण्याच्या तिसऱ्या कडव्यात त्याची शिट्टी आली. भाऊ म्हणाला, पुन्हा भरू. मी म्हटलं, राहू दे, घरचंच तर आहे.

ते पुन्हा भरायचं राहूनच गेलं. माझ्या गळ्यात गाठ आली. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, आवाजाची नस तिला चिकटून जाते, जपू, पण शब्द देत नाही. गाठ काढणं भाग होतं. ती निघाली, मी वाचले, आणि शुद्धीवर आल्यावर पाणी मागितलं तर शेजारच्या खाटेवरची बाई दचकून बघायला लागली. माझ्या तोंडून एखादा विडीबाज म्हातारा बोलला होता.

तेव्हापासून मी लाजेत राहायला गेले, असंच म्हणते. शाळेत प्रार्थना घेणं सोडलं. पोरं मात्र माझ्या तासाला पूर्वीपेक्षा चिडीचूप बसायला लागली, तेवढा एक फायदा. फोनवर लोक म्हणत, "भाऊ, जरा बाईंना द्या." एकदा एसटीत मी "एक धुळे द्या" म्हटलं तर कंडक्टरने तिकीट माझ्या शेजारच्या माणसाच्या हातात ठेवलं. मी उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. जयंतीच्या मंडळाची मंडळी यायची तेव्हा मी स्वयंपाकघरात असायची.

आणि पहिली रेकॉर्ड? ती ऐकवेना. एकदा दुसरी काढली, ते गाणं अर्धं ऐकलं आणि बंद केलं. तिला नावं ठेवायला आता मला तोंड राहिलं नव्हतं.

अशात भावाचं लग्न ठरलं. मुलगी शिंदखेड्याची. लग्नात मी नुसती मान हलवून वेळ मारून नेली, त्यामुळे तिच्या माहेरी माझी ख्याती गर्विष्ठ नणंद अशी झाली. ते मला चाललं. गर्विष्ठ म्हटलेलं बरं, पण आवाज ऐकून कुणी दचकायला नको. वहिनी मात्र घरात आल्या दिवसापासून माझ्या आवाजाला अशी सरावली, की मीच कधीकधी विसरायची.

पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी झाली. बारसं शिंदखेड्यालाच होतं, आणि आमच्यात नाव आत्या ठेवते, पाळणाही आत्याच म्हणते. भाऊ म्हणाला, "अक्का, आईचा पाळणा म्हण. तुझ्याशिवाय तो कुणाला येतो?" मी म्हटलं, "शब्द वहिनीच्या बहिणीला शिकवते, ती म्हणेल." त्याचा चेहरा उतरला तो मी पाहिला. आईची नात, आईचा पाळणा, आणि तो परक्याच्या गळ्यातून. वर त्याने सासरी आधीच सांगून ठेवलेलं, माझी बहीण फार गोड गाते. मूर्ख! जुन्याच कौतुकात जगणारा माणूस.

मग मला एक युक्ती सुचली. कॅसेट होतीच. सिनेमातल्या बायका नाही का, गाणं आधी भरून ठेवतात आणि पडद्यावर नुसते ओठ हलवतात? माझ्या त्या लाडक्या नटीनेही तेच केलेलं असणार. टेप पाळण्याखाली गोधडीच्या घडीत ठेवायचा, पदर ओठांवर घ्यायचा, कुणाच्या लक्षात यायच्या आत सगळं उरकायचं. खरं सांगते, लाज झाकणं एवढंच त्यात नव्हतं. त्या लोकांनी एकदा तरी माझा तो आवाज ऐकावा, अशी फार इच्छा होती. मला चाळीशीत ही हाव सुटली होती. जाण्याआधीचे कितीतरी दिवस मी दार लावून, सेलवरच, ती कॅसेट लावत होते. पाळणा कुठे सुरू होतो ते बघायचं म्हणून लावायची आणि शेवटपर्यंत ऐकायची.

शिंदखेड्याला पोचलो तर वीज गेलेली. मला त्याचं काहीच वाटलं नाही, टेप सेलवर चालत होता. ओसरी बायकांनी भरली होती. वंदना झाली, पंचशील झालं. मुलीला पाळण्यात घातलं, मी तिच्या कानात नाव सांगितलं, ते मात्र माझ्याच आवाजात, कारण कुजबुज सगळ्यांची सारखीच असते. मग पदर ओठांवर घेतला आणि गोधडीत हात घालून बटण दाबलं.

आला माझा आवाज. बायका चपापल्या, मग त्यांचे चेहरे मऊ झाले. कुणी तरी अहिराणीत म्हणालं, "काय गळा शे वं!" भाऊ दारात उभा होता. त्याला कळलं, तो जमिनीकडे बघायला लागला. मी ओठ हलवत होते आणि मनातून इतकी सुखावले होते की सांगता सोय नाही.

तिसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी झाली.

एक बाई लगबगीने उठून स्वयंपाकघराकडे गेली. गेली तशी परत आली आणि म्हणाली, "कुकर कुठे शे?" घरात कुकर नव्हताच, चुलीवर पातेली होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि तेवढ्यात माझा आवाज खाली उतरायला लागला. मी दार लावून ऐकलेले ते सगळे दिवस सेलांनी मोजून ठेवले होते. गोड आवाज आधी सुस्तावला, मग जाड झाला, मग एकेक शब्द ओढत ओढत असा घोगरा झाला की हुबेहूब माझा आजचा आवाज. आणि बंद पडला. माझे ओठ मात्र सवयीने आणखी एक शब्द हलले, ते सगळ्यांनी पाहिलं.

हसली ती फक्त एक लहान पोरगी, पण मला ती सगळी ओसरी हसल्यासारखी वाटली. कानशिलं तापली. पाळण्याच्या दोरीला धरून मी उभी, आणि पळायला वाट नाही, कारण दारात भाऊ.

वहिनीची आई, थोराड बाई, पाळण्याच्या उशाशी बसली होती. तिने गोधडीत हात घालून टेप बाहेर काढला, उलटासुलटा बघितला आणि बाजूला ठेवला. मग म्हणाली, "अक्का, ऱ्हाऊ द्या ते डबडं. पोरले आत्याना आवाज जोयजे, डबडाना नही."

मी म्हणाले, "माझा आवाज गेलाय." ओसरीतल्या बायकांनी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. आता झाकायला काही उरलं नव्हतं.

"गया ते गया," ती म्हणाली. "जो शे तो म्हना."

मी पहिल्या शब्दाला तोंड उघडलं ते जुन्याच पट्टीत. गळ्यातून नुसता वारा आला. मुलगी दचकून रडायला लागली. त्या क्षणी मला, कुणाला खरं वाटो न वाटो, दुसऱ्या रेकॉर्डवरची ती बाई आठवली. काळ्या झग्यातली. तिने काय केलं होतं? पट्टी खाली घेतली होती. खूप खाली. आणि ओळ तोडली होती, लाज न बाळगता, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेऊन. अर्धं ऐकून बंद केलेलं ते गाणं माझ्या कानात सगळं शाबूत होतं.

मी खाली उतरले. बोलल्यासारखी सुरुवात केली. जिथे दम लागला तिथे थांबले, श्वास घेतला, पुढची नावं घेतली: माझ्या वडिलांचं, आजोबांचं, मग आईचं. गोड वगैरे काही नव्हतं. कौतुकही कुणी केलं नाही, एक म्हातारी तर नीट ऐकू येईना म्हणून कानामागे हात धरून पुढे सरकली. पण मुलगी रडायची थांबली आणि पाळणा पुरा झाला. घुगऱ्या वाटायला लागले तेव्हा मी मागच्या दाराने न्हाणीघराकडे गेले आणि भिंतीला टेकून रडले. लाजेनेच रडले. नव्या आवाजाची लाज होतीच, त्यापेक्षा जास्त ओठ हलवल्याची.

जळगावला परतल्यावर मी ती दुसरी रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकली. टाळ्या दयेच्या नव्हत्या. त्या कसल्या होत्या ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण दयेच्या नव्हत्या.

भाची आमच्याच घरात वाढली. तिला निजवायचं काम माझ्याकडे, त्यामुळे तो पाळणा तिने किती ऐकला असेल त्याला सुमार नाही. ती शाळेत जायला लागली तेव्हाची गोष्ट. एका रविवारी भावाने जुन्या कॅसेटी धूळ पुसायला काढल्या आणि पाळण्याची ती लावली. घरात माझा आवाज भरला, वीस वर्षांच्या मुलीसारखा निर्मळ. मी भाजी निवडत होते, हात थांबले. भाऊ तिला म्हणाला, "ओळख बघू, कोण गातंय?"

तिने मान तिरकी करून ऐकलं. "माहीत नाही. कोणीतरी रेडिओवरची बाई."

"अगं, आत्या आहे ती!"

"ह्या! आत्याला येतो तो पाळणा, पण असा नाही काही," ती म्हणाली. "ही चुकीचं म्हणते. थांबतच नाही." आणि बापाला नीट कळावं म्हणून तिने गळा दाबून, आवाज जमेल तेवढा जाड करून म्हणून दाखवला. माझी मान खाली गेली. वाटलं, पोरगी नक्कल करतेय. पण ती हसत नव्हती. मन लावून म्हणत होती, आणि माझ्या आईच्या नावाआधी ओळ तोडून तिने मोठ्याने श्वास घेतला, अगदी माझ्यासारखा. मी तो घेते कारण पुढे मला दम पुरत नाही. तिला वाटत होतं, पाळणा तसाच आहे.