बिननावाच्या नळ्या आणि अक्का

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ. हजर: मेरी सिस्टर, रक्त काढायला. मंजुनाथ, नळ्या प्रयोगशाळेत न्यायला. मी, सह्या घ्यायला. अक्का, रक्त द्यायला.

शेवटचं नाव लिहिताना मी जरा थांबले. इतकी वर्षं अक्कांचं नाव आमच्या हजेरीत सगळ्यांत वर असायचं आणि पुढे ‘प्रकल्पप्रमुख’ असं लिहिलेलं असायचं.

अक्का मेंदूविकारांच्या डॉक्टर. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरूतच गेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी शब्द मिठासारखे सगळीकडे: ‘स्वल्प’ म्हणजे जरा, ‘सरी’ म्हणजे बरं, ‘सुम्ने’ म्हणजे उगीच, नुसतं. मी पुण्याहून इथे आले आणि त्यांच्या प्रकल्पाची व्यवस्थापक झाले. पहिल्या दिवशी त्यांना ‘मॅडम’ म्हटलं, तर म्हणाल्या, “मॅडम काय ग? अक्का म्हण. रिक्षावालेसुद्धा म्हणतात.” मला मात्र त्या अजूनही ‘पुणेकर’च म्हणतात.

अक्कांना नावाचं वावडं होतं. रक्ताच्या नळीवर फक्त क्रमांक. ती नळी रुग्णाची की धडधाकट माणसाची, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. “कळलं की डोळा फितूर होतो,” त्या म्हणायच्या. “आपल्याला जे हवं असतं तेच दिसायला लागतंय.” हा नियम प्रयोगशाळेत सगळेच पाळतात. अक्का तो सगळीकडे पाळत. मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या स्पर्धेला त्या परीक्षक होत्या. ताटांवर क्रमांक घालायला लावले आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीचे मोदक शेवटून पहिले काढले. बहीण आणि त्या होसकोट्याला एकाच घरात राहतात. पुढचे कित्येक दिवस अक्कांच्या डब्यात फक्त दहीभात होता.

आणि शुक्रवारची कॉफी! एकसारखे तीन स्टीलचे फ्लास्क. एकात कॅन्टीनची कॉफी, एकात मंजुनाथ कोरमंगल्याच्या कुठल्याशा झकपक कॅफेतून आणायचा ती, आणि एकात अक्कांच्या घरची. कुठल्याच फ्लास्कवर खूण नाही. आम्ही घोट घेऊन ओळखायचं. ज्याचं चुकलं त्यानं कप विसळायचे. आम्ही सगळे कधी ना कधी विसळले. अक्कांनी कधीच नाही. त्या पीतसुद्धा नसत. झाकण उघडायचं, नाक जवळ न्यायचं आणि सांगायचं, “ही कॅन्टीनची. ही गरिबाला लुटणारी. आणि ही माझी, सुम्ने वास घेत बसावं अशी.”

आता प्रकल्पाबद्दल. कंपवातात हात थरथरायला लागण्याच्या बऱ्याच आधी मेंदूत बिघाड सुरू झालेला असतो. त्याची रक्तात काही खूण सापडते का, हे अक्का शोधत होत्या, आणि आमच्याच दवाखान्यातल्या थोड्या रुग्णांमध्ये त्यांना तशी एक खूण सापडली. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. अक्का म्हणाल्या, “आपल्या अंगणात सापडली. दुसऱ्यांच्या अंगणात सापडते का ते बघितल्याशिवाय गप्प बसायचं.” म्हणजे वेगवेगळ्या दवाखान्यांतली, वेगवेगळ्या वयांची, पुष्कळ माणसं तपासायची. याला पैसा लागतो, आणि नेमका याच कामाला पैसा मिळत नाही. नवं शोधायला पैसे देणारे भेटतात. शोधलेलं खरं आहे का, हे बघायला पैसे मागितले की लोक घड्याळ बघतात.

बेळ्ळंदूरला एका गुंतवणूकदाराच्या कार्यालयात गेलो होतो. वाहतुकीत इतका वेळ अडकलो की मी तेवढ्यात अक्कांना उत्तरं दोनदा पाठ करून दिली. वर काचेच्या खोलीत एका तरुण साहेबानं विचारलं, “मॅम, यात युनिक काय आहे?”

अक्का म्हणाल्या, “काहीच नाही.”

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला.

“आम्हाला जे सापडलं ते खोटं आहे का, ते बघायचंय. पुणेकर, लाथ का मारतेस?”

साहेबानं आम्हाला कंपनीचं नाव छापलेला एक मग दिला आणि लिफ्टपर्यंत सोडलं. परतताना मी चिडले होते. अक्का मग उलटसुलट करून बघत म्हणाल्या, “खरं बोलून एवढं तरी मिळालं. मात्र याच्यावर नाव आहे. शुक्रवारी चालायचं नाही.”

मग आम्ही एका सरकारी योजनेकडे अर्ज केला. मसुद्यात मी ‘सिद्ध करणार’ असं लिहिलं की अक्का ते खोडून ‘तपासणार’ करायच्या. अर्जाला जोडायच्या कागदांतून रुग्णांची नावं काढायचं काम मंजुनाथकडे होतं. अक्कांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्यानं रुग्णांची नावं काढली, डॉक्टरांची काढली, दवाखान्याचं काढलं आणि त्या झपाट्यात अर्जदाराचंही काढलं. आठवड्याभरात योजनेच्या कार्यालयातून फोन आला, “अर्ज चांगला आहे, पण तो केलाय कुणी?”

मंजुनाथ रडकुंडीला आला. मुदत संपत आली होती, मी घरी न जाता सगळे कागद पुन्हा लावत होते. आणि अक्का? खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. “अय्यो मंजू, तूच खरा शिष्य रे माझा!”

योजनेच्या मुलाखतीत निवडसमितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “तुमची खूण चुकीची निघाली तर हा पैसा वायाच ना?”

“तेव्हाच तर वसूल होईल,” अक्का म्हणाल्या. “चुकीची चाचणी बाजारात गेली, तर धडधाकट माणूस उद्या हात थरथरेल म्हणून आज झोप घालवून बसेल. त्याच्यापेक्षा आमची नाचक्की स्वस्त आहे.”

या वेळी मी पाय मारला नाही. पैसे मंजूर झाले.

काम झपाट्यानं सुरू झालं. अडत होतं फक्त एका गटाशी: ज्यांच्या हाताला कंप नाही, पण कारण नसताना वास येईनासा झालाय, अशी माणसं. कंपवाताच्या आधी कधीकधी असं होतं, म्हणून या गटाचं रक्त सगळ्यांत मोलाचं. पण वास गेला म्हणून डॉक्टरकडे जातं कोण?

अशाच एका शुक्रवारी अक्कांनी पहिल्या फ्लास्कचं झाकण उघडलं, नाक नेलं आणि म्हणाल्या, “ही माझी.” ती कॅन्टीनची होती. आम्ही टाळ्या पिटल्या, त्यांच्याकडून कप विसळून घेतले, मंजुनाथनं फोटोसुद्धा काढला. पुढच्या शुक्रवारी त्यांनी तिन्ही फ्लास्क हुंगले. परत पहिला घेऊन हुंगला, पण कुठली कुठली ते सांगता येईना. त्यांना सर्दी नव्हती. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

“नाक गेलं की माझं,” अक्का म्हणाल्या आणि कप गोळा करायला लागल्या.

त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन तपासून आल्या. नाकात दोष नाही, हाताला कंप नाही. “कशानंही होतंय. सुम्ने म्हातारपणानंही,” त्यांनी मलाच समजावलं. आणि सोमवारी प्रकल्पप्रमुखपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला.

मी भांडले. “अहो अक्का, आत्ता कुठे पैसे आले. ज्याच्यासाठी एवढी वणवण केली, तेच सोडून चाललात?”

“सोडून कुठे? आत चालले. प्रमुख राहून मला रक्त देता येत नाही, नियम आहे. त्या गटात माणसं मिळत नाहीत म्हणून तूच रोज डोकं धरून बसतेस. प्रमुख काय, पुष्कळ मिळतील.”

“आणि तुमच्या रक्तात खूण निघाली तर?”

“स्वल्प थांब. खूण खरी की खोटी, हेच अजून ठाऊक नाही. आत्तापासून भिऊन काय करू?” मग राजीनामा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “भीती वाटते ग. म्हणूनच नीट तपासा.”

प्रमुखपद दुसऱ्यांकडे गेलं, नीतिसमितीनं परवानगी दिली, आणि आज अक्का आल्या. प्रतीक्षाकक्षात बसल्या बसल्या विचारलं, “ह्या खुर्च्या कुणी घेतल्या? पाठ मोडते.”

“तुम्हीच, अक्का.”

“सरी.”

मेरी सिस्टरना शीर सापडेना. अक्का सुचवायला लागल्या, तशी सिस्टरनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘सहभागी व्यक्तींनी कर्मचाऱ्यांना सूचना देऊ नयेत.’ पाटी अक्कांचीच. त्या एकदम खूश झाल्या आणि तोंड मिटून बसल्या.

सकाळभरात आणखीही माणसं येऊन गेली होती. सगळ्यांच्या नळ्यांवर क्रमांक घालून, ट्रे झाकून मेरी सिस्टरनी तो मंजुनाथकडे दिला. अक्कांनी त्याला दारात गाठलं. “मंजू, ह्यातली माझी कुठली?”

“ठाऊक नाही, अक्का.”

“कधीपर्यंत ठाऊक नाही?”

“सगळ्यांचं तपासून होईपर्यंत.”

“शाब्बास,” त्या म्हणाल्या. पण त्यांचा हात ट्रेवरून लगेच निघाला नाही. मंजुनाथ खाली बघत उभा राहिला. हात निघाल्यावर गेला.

नियमानं आता अभ्यास संपेपर्यंत अक्कांना प्रयोगशाळेत यायचं नाही, शुक्रवारी तर नाहीच. रिक्षात बसताना मी काही बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “रडलीस तर सहभागीवर दबाव आणला म्हणून तक्रार करीन. आणि माझा फ्लास्क पाठव ग. बहीण रोज विचारते.”

आजची कामं: सह्या घेतल्या. नळ्या गोठवल्या. पुढच्या भेटीची तारीख दिली. राहिलं ते एकच, अक्कांचा फ्लास्क होसकोट्याला धाडणं. फळीवर धुऊन उपडे घातलेले तीन फ्लास्क आहेत, एकसारखे, एकावरही नाव नाही. मी आणि मंजुनाथनं आळीपाळीनं तिन्ही हुंगून पाहिले, आणि परत फळीवर ठेवले.